चुलीची राख आणि काचेचा बूट

2019 सालच्या एप्रिल महिन्यात स्पेनमधील बार्सिलोना शहरातल्या एका सरकारी शाळेने आपल्या बालवाचनालयाची तपासणी केली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ठेवलेल्या पुस्तकांपैकी सुमारे 200 पुस्तके, म्हणजे जवळजवळ 30 टक्के, स्त्रीपुरुषांविषयी घातक समजुती रुजवणारी म्हणून कपाटातून काढण्यात आली. ‘लाल टोपीवाली मुलगी’ आणि ‘निद्रिस्त राजकन्या’ या युरोपातील सर्वपरिचित कथाही त्यांत होत्या. साहजिकच मोठा वाद झाला. कित्येकांना हे पाऊल धाडसाचे वाटले, तर कित्येकांना त्यात नव्या सोवळेपणाचा वास आला.

रोजगार, जमीन आणि महागाई यांचे प्रश्न आ वासून उभे असताना कार्यकर्त्यांनी परीकथांचा खल करीत बसावे काय, अशी शंका कोणी घेईल. ही शंका वरवर रास्त वाटते, परंतु ती टिकणारी नाही. कोणी राबावे, कोणी वाट पाहावी, संपत्ती कोणाकडून कोणाकडे जावी आणि कष्टाचे बक्षीस म्हणून काय मिळावे, या विषयांचा माणसाला मिळणारा पहिला धडा शाळेतला नसतो. तो झोपण्यापूर्वी ऐकलेल्या गोष्टीतला असतो. वर्षानुवर्षे मनात राहिलेला हा धडा पुढे शिबिरातील एका व्याख्यानाने पुसला जात नाही.

या कथांवरील आरोपपत्र नवे नाही. सिमोन द बोव्हुआर यांनी 1949 साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात हे दाखवून दिले की, निद्रिस्त राजकन्या, सिंड्रेला आणि हिमगौरी या मुलीला एकच गोष्ट शिकवतात : सोसणे आणि वाट पाहणे. 1972 साली मार्शिया लीबरमन या अमेरिकन प्राध्यापिकेने हेच सूत्र पुढे नेले. या कथांत रूप हे मुलीचे एकमेव भांडवल असते आणि विवाह ही त्यावरील एकमेव मिळकत. चांगली स्त्री तरुण, सुंदर आणि मुकी असते. ज्या स्त्रीजवळ सत्ता आहे किंवा जिला महत्त्वाकांक्षा आहे ती बहुधा चेटकीण किंवा सावत्र आई निघते. पराक्रम राजपुत्राने करावा आणि राजकन्येने त्या पराक्रमाचे बक्षीस व्हावे, अशी ही वाटणी आहे. आरोप गंभीर आहेत आणि प्रचलित पुस्तकांपुरते ते नाकारता येत नाहीत.

परंतु न्यायासनापुढे योग्य आरोपी उभा केला गेला आहे काय, हा प्रश्न राहतोच. या कथा अशा कोणी केल्या, हे विचारल्याशिवाय निकाल देणे उतावीळपणाचे होईल.

शार्ल पेरो यांचा कथासंग्रह 1697 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. पेरो हे चौदाव्या लुईच्या राजवटीतील वजनदार अधिकारी होते. कोल्बेर या मंत्र्याच्या हाताखाली त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. सिंड्रेलाचा काचेचा बूट आणि भोपळ्याचा रथ यांना सर्वत्र पोहोचवले ते त्यांनीच. प्रत्येक कथेच्या शेवटी पेरो पद्यात तात्पर्य सांगतात. सिंड्रेलाच्या कथेला त्यांनी दोन तात्पर्ये जोडली आहेत. सौंदर्यापेक्षा शालीनता मोलाची, हे पहिले तात्पर्य सर्वांना ठाऊक असते. दुसरे मात्र मुलांच्या पुस्तकांतून सहसा गळते. बुद्धी, धैर्य, कुलीनता हे सारे गुण उत्तम खरे, पण पुढे येण्यासाठी पाठीशी कोणी वजनदार माणूस नसेल तर ते व्यर्थ होत, असा त्याचा आशय आहे. सिंड्रेलाची परी म्हणजे दरबारी वशिला, हे दरबारात वावरलेल्या लेखकाने किती प्रांजळपणे सांगून टाकले आहे!

पेरो यांच्या कथेत लाल टोपीवालीला लांडगा खाऊन टाकतो आणि कथा तिथेच संपते. गोडबोल्या लांडग्यांपासून तरुण मुलींनी सावध राहावे, असे तात्पर्य वर सांगितले जाते. मुलीच्या भोळेपणालाच जणू शिक्षा होते. परंतु फ्रान्सच्या नीएव्र भागात आशील मिलिएन यांनी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात एका खेडुताकडून जी कथा नोंदवून घेतली तिच्यातील मुलगी अगदी निराळी आहे. ती अंगणात विधीला जाण्याचे निमित्त करते, पायाला बांधलेली दोरी सोडवून आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घरी पळून येते. काही पाठांत तर नदीवरच्या धोबिणी चादर ताणून धरतात, तिच्यावरून मुलगी पैलतीर गाठते आणि पाठलाग करणारा लांडगा बुडतो. ही नोंद पेरो यांच्यानंतरची आहे हे खरे. तथापि पॉल दलारू यांच्यासारख्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती पेरोंच्या पुस्तकावरून आलेली नाही, शेतकऱ्यांच्या स्वतंत्र मौखिक परंपरेतली आहे, असा निर्वाळा दिला आहे. दरबाराच्या कथेत मुलीला कोणी तारत नाही. खेड्यातल्या कथेत तिला तारते ती तिची अक्कल आणि कष्टकरी बायांची एकजूट.

हीच प्रक्रिया जर्मनीत ग्रिम बंधूंच्या हातून घडली. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे प्रतिगामी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडीत काढली तेव्हा 1837 साली निषेध करून नोकरी गमावणाऱ्या सात प्राध्यापकांत हे दोघे भाऊ होते. तरीही त्यांच्या संग्रहाच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीपासून 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कथांवर जे संस्कार होत गेले ते मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दिवाणखान्याला शोभणारे होते. 1812 च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. 1819 पासून तिची सावत्र आई झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून देणारी आईही 1840 च्या आवृत्तीत सावत्र झाली. दुष्काळात लेकरांना पोसता न येणाऱ्या गरीब आईची भीषण कोंडी कथेतून अंतर्धान पावली आणि तिच्या जागी एक दुष्ट बाई आली. दारिद्र्याचा प्रश्न स्वभावाचा प्रश्न झाला.

या कथा मुळात सांगितल्या तरी कोणी? ग्रिम बंधूंना कथा पुरवणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या. त्यांपैकी काही सुखवस्तू घरांतील सुशिक्षित मुली होत्या. परंतु सर्वांत समर्थ कथनकर्ती होती ती डोरोथेआ फीमान. ही खाणावळवाल्याची मुलगी, शिंप्याची बायको. कासेल शहराच्या बाजारात ती शेतमाल विकण्यास येई आणि विक्री आटोपली की कथा सांगे. तिने जवळजवळ चाळीस कथा दिल्या. दुसरा खंड प्रसिद्ध झाला त्याच 1815 साली ती मरण पावली. तिने सांगितलेल्या ‘शहाणी शेतकऱ्याची मुलगी’ या कथेत एका गरीब शेतकऱ्याला शेतात सोन्याचा खल सापडतो. तो राजाला नेऊन द्यावा असे बापाला वाटते. मुलगी बजावते की, खल दिला तर राजा बत्ताही मागेल. तसेच होते आणि बाप तुरुंगात पडतो. राजाचे कोडे सोडवून मुलगी बापाला सोडवते आणि राणी होते. पुढे एका शेतकऱ्यावर अन्याय झाला तेव्हा ती त्याला युक्ती सांगते, म्हणून राजा तिला घालवून देतो आणि जाताना आवडती एक वस्तू नेण्याची मुभा देतो. ती झोपलेल्या राजालाच बापाच्या झोपडीत उचलून नेते. या कथेत झोपतो तो राजा. राजसत्तेच्या हावेविषयी एवढे नेमके भाष्य करणारी ही मुलगी खेळण्यांच्या दुकानात मात्र कोठेही दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता या कथांतील सर्वांत बोलकी वस्तू मुकुट नव्हे, चरखा आहे. 1760 नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्ये सूत कातण्याची यंत्रे आली. त्यापूर्वी युरोपात एका विणकराला सूत पुरवण्यासाठी अनेक कातणाऱ्या लागत, आणि हे काम जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांचे होते. ‘रुम्पेलश्टिल्ट्सखेन’ या कथेत गिरणीवाला राजापुढे फुशारकी मारतो की आपली मुलगी पेंढ्याचे सोने कातते. राजा तिला कोंडतो आणि सकाळपर्यंत सोने न झाल्यास मरणाची धमकी देतो. सोने मिळाल्यावर खोली मोठी होते, पेंढा वाढतो, धमकी मात्र तीच राहते. शेवटी अधिक सोन्याच्या आशेने राजा तिच्याशी लग्न करतो. फुशारकी बापाची, हाव राजाची आणि जिवाची टांगणी मुलीची! स्त्रीश्रमाच्या शोषणाचे याहून सुटसुटीत चित्र पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. साऱ्या कथेचा पेच एका नावाभोवती फिरतो, पण ते नाव असते बुटक्याचे. मुलीला कथेत नावच नाही.

ग्रिम बंधूंच्या 1810 च्या हस्तलिखितात तर ही कथा उलटीच आहे. तिथे मुलीला जवसाचा वाख कातायला दिला आहे, तिच्या हातून सूत न निघता सोन्याचा धागाच निघतो आणि त्यामुळे ती दुःखी होते. सोन्यापेक्षा सूत मोलाचे, ही कष्टकऱ्याच्या घरातील दृष्टी होय. दोनच वर्षांत, छापील आवृत्तीत, मोल सोन्याकडे गेले.

त्याच संग्रहातील ‘तीन कातणाऱ्या’ ही कथा कामगार चळवळीच्या ग्रंथालयात ठेवण्याच्या योग्यतेची आहे. कातण्याचा कंटाळा असलेल्या एका मुलीसाठी तीन वृद्ध स्त्रिया राणीचा सारा वाख कातून देतात. मोबदला म्हणून लग्नाच्या पंगतीत, मावश्या म्हणवून घेऊन, मानाने बसवावे एवढेच त्या मागतात. एकीचे पाऊल फताडे झालेले असते, दुसरीचा ओठ लोंबत असतो, तिसरीचा अंगठा रुंद झालेला असतो. राजपुत्र कारण विचारतो. चाक पायाने फिरवून, धागा ओठाने ओला करून, अंगठ्याने पीळ देऊन, अशी उत्तरे येतात. आपल्या वधूने यापुढे चरख्याला हात लावू नये, असे राजपुत्र तत्काळ फर्मावतो. व्यवसायजन्य व्याधींचा शब्दकोशात समावेश होण्यापूर्वीच कोणा कातणारीने त्यांची यादी हसत हसत कथेत नोंदवून ठेवली. कोठलीही जादू न होता, केवळ अनुभवाच्या देवाणघेवाणीतून एक मुलगी या कामातून सुटते.

खलनायिकेच्या भूमिकेचाही असाच उलगडा होतो. बाळंतपणात स्त्रिया मोठ्या प्रमाणावर मरत, पुरुष पुन्हा लग्न करीत आणि अपुऱ्या मालमत्तेवर दोन आयांच्या लेकरांचा हक्क सांगितला जाई, अशा समाजात सावत्र आई खलनायिका होणे अपरिहार्य होते. महाराष्ट्रात मुलांना परिचित असलेली खलनायिका सावत्र आईइतकीच सवत आहे. आवडती आणि नावडती या दोन राण्यांखेरीज येथील राजाची गोष्ट सुरूच होत नाही. बहुपत्नीकत्व असलेल्या घरात भांडण तेथे आहे. दोन्हीकडे मालमत्तेचा स्वामी पुरुष आहे, आणि दोन्हीकडे दोष मात्र त्याच्या आश्रयासाठी झगडणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीच्या माथी मारला जातो.

20व्या शतकात या कथांचा ताबा दरबार आणि दिवाणखाना यांच्याकडून चित्रपट कंपनीकडे गेला. वॉल्ट डिस्ने यांचा हिमगौरीवरील चित्रपट 1937 सालचा. ग्रिम बंधूंच्या कथेत सात बुटक्यांचे घर नीटनेटके आणि स्वच्छ आहे. स्वयंपाक, शिवण, धुणे करशील तर राहा, असा रोखठोक करार ते हिमगौरीशी करतात. चित्रपटात घर घाणेरडे दाखवले आहे. ते पाहताच मुलगी, कोणी न सांगता, गाणे म्हणत झाडू हाती घेते. करार गेला आणि त्याच्या जागी स्त्रीचा ‘स्वभाव’ आला. याच कंपनीने 1938 साली नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला लेखी कळवले की, चित्रपटाच्या सर्जनशील कामात स्त्रिया घेतल्या जात नाहीत. ते काम तरुण पुरुष करतात. स्त्रियांना रेषा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे काम दिले जाई. 1941 साली तेथे कामगारांनी संप केला. पडद्यावरच्या परीराज्यामागे असा एक कारखाना होता.

1970 नंतर स्त्रीमुक्तीच्या चळवळीने या कथा नव्याने सांगण्यास आरंभ केला. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे 1972 साली काही स्त्रियांनी एकत्र येऊन आपल्या परीकथा लिहिल्या. त्यांची हिमगौरी कारागीर आहे आणि राणीच्या खजिन्यासाठी राबणाऱ्या खाणकामगारांच्या बाजूने ती उभी राहते. अँजेला कार्टर यांचा कथासंग्रह 1979 साली आला आणि जुन्या कथांतील भय व वासना यांना स्त्रीच्या नजरेने पाहण्याची वाट मोकळी झाली. के स्टोन यांनी 1975 साली दाखवून दिले की, लोकपरंपरेत धाडसी नायिकांची वाण कधीच नव्हती. 200 हून अधिक कथांच्या ग्रिम संग्रहातून प्रकाशकांनी आणि चित्रपटांनी निजलेल्या मोजक्या राजकन्याच उचलल्या.

बाजाराने ही टीका ऐकली नाही असे नव्हे. त्याने ती विकावयास काढली. नव्या राजकन्या घोड्यावर बसतात, धनुष्य चालवतात, राजपुत्राला नकार देतात. 2013 सालच्या ‘फ्रोझन’मध्ये तारणारे प्रेम दोन बहिणींचे आहे. हा बदल क्षुल्लक नाही आणि त्याची चेष्टा करणे योग्य होणार नाही. ‘वाट पाहू नकोस’ हे वाक्य एखाद्या मुलीच्या कानी चित्रपटामुळे पडले तरी ते स्वागतार्हच आहे. परंतु हिशेब पुरता तपासावा लागतो. दोन भाषाशास्त्रज्ञ स्त्रियांनी 2016 साली या कंपनीच्या चित्रपटांतील संवाद मोजले. 1950 सालच्या ‘सिंड्रेला’त 60 टक्के संवाद स्त्रियांचे होते. 1989 नंतर, म्हणजे नायिका बंडखोर झाल्यावर, ‘लिटल मर्मेड’मध्ये पुरुषांचा वाटा 68 टक्के, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये 71 टक्के आणि ‘अलादिन’मध्ये 90 टक्के झाला. दोन नायिकांच्या ‘फ्रोझन’मध्येही पुरुषच 59 टक्के बोलतात. नायिका एक, आणि तिच्या भोवतीचे दुकानदार, सैनिक, मित्र, शत्रू सारे पुरुष! एका असामान्य मुलीला मुक्त करून बाकीच्या स्त्रियांना गोष्टीतूनच हद्दपार करण्याची ही तऱ्हा आहे.

त्याहूनही मोठा दोष असा की नव्या कथेतही ती राजकन्याच राहते. सिंड्रेलाच्या दुःखाचे मूळ राजपुत्र न भेटण्यात नव्हते. एका घराचे सारे काम एकटीच्या अंगावर, विनामोबदला, पडले होते, यात ते होते. तिची सुटका म्हणजे त्या चुलीपासून तिची एकटीची पदोन्नती. ती गेल्यावर चूल कोण सारवणार, हा प्रश्न ना पेरो विचारतात, ना नवे पटकथाकार. तलवार हाती आली, तरी झाडू दुसऱ्या एखाद्या बाईच्याच हाती राहिला. भारतापुरते याचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 सालच्या वेळवापर पाहणीनुसार घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. शिवाय ते मुळात करणारे पुरुष सुमारे चौथा हिस्साच होते. सिंड्रेलाची राख परीकथेतली नाही. ती घरोघरच्या चुलीतली आहे, आणि चळवळीत वावरणाऱ्यांची घरेही तिला अपवाद नाहीत.

तेव्हा कपाट रिकामे करणे हा उपाय नव्हे. कथा काढून टाकली तर तिच्याशी वाद घालण्याची संधीही जाते, आणि कष्टकरी स्त्रियांनी जे तीत ठेवले होते तेही दरबाराच्या आणि बाजाराच्या नावावर कायमचे जमा होते. मुलांच्या मनातील भीतीला आकार देण्यासाठी अशा कथा लागतात, हे ब्रूनो बेटलहाइम यांचे 1976 सालचे प्रतिपादन अगदीच डावलण्यासारखे नाही. मात्र त्या भीतीतून सुटण्याचा मार्ग दरवेळी लग्नमंडपातूनच का जावा, याचे उत्तर ते देत नाहीत.

करण्याजोगे काम दुसरे आहे. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या दख्खनच्या दौऱ्यात त्यांच्या मुलीबरोबर एक आया होती. अॅना लिबेराता डिसोझा हे तिचे नाव. तिचे पूर्वज लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेले. तिने आजीकडून ऐकलेल्या कथा सांगितल्या आणि मेरी फ्रियर यांनी त्या 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध केल्या. डोंगरावरून खाली पडलेले राजकन्येचे पायताण आणि त्याचा माग काढणारा राजपुत्र त्या पुस्तकातही आहे, आणि तिथे जिवावर उठते ती सवतच. मेरी फ्रियर यांनी आयेची जीवनकहाणी तिच्याच तोंडून सांगवून पुस्तकात घातली, ही त्यांची थोरवी. तरी मुखपृष्ठावर नाव संग्राहिकेचेच राहिले. बाजारात शेतमाल विकणारी फीमान आणि परक्याची मुले सांभाळणारी डिसोझा यांना एकत्र ठेवून पाहावे, म्हणजे या वाङ्मयाचा खरा उत्पादक वर्ग कोणता हे ध्यानी येईल.

वस्तीतील बालवर्ग, ग्रंथालये आणि शिबिरे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यासाठी पैसा लागणार नाही. शहाण्या शेतकऱ्याच्या मुलीची आणि तीन कातणाऱ्यांची गोष्ट मुलांना आधी सांगावी. सिंड्रेलाची गोष्टही खुशाल सांगावी, पण ती गेल्यावर भांडी कोणी घासली, हे मुलांनाच, विशेषतः मुलग्यांना, विचारावे. शेतावर, जात्यावर, गिरणीत आयुष्य काढलेल्या वृद्ध स्त्रियांकडून त्यांच्या गोष्टी उतरवून घ्याव्यात आणि त्यांखाली सांगणारीचे नाव लिहावे.

आणि गोष्ट संपल्यावर सांगणाऱ्या पुरुषाने उठून स्वतःचे ताट धुवावे. मुले गोष्टीइतकीच सांगणाऱ्याकडेही पाहत असतात.